मंगळवारचं पाणी

माझे वडील ओंजळीनं पाणी पीत नसत. कुणी हसलं तरी नाही, घसा कोरडा पडला तरी नाही. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्याआधी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांनी लांब उभं राहायचं, हाताची ओंजळ करायची आणि कुणाच्या मनात आलं तर त्यानं वरून पाणी ओतायचं, अशी रीत होती. आजोबांनी त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, "आजपून ह्या घरातलं कुणी वंजळ करून पाणी प्यायचं न्हाई." पुढच्या आठवडी बाजाराला ते पाटोद्याला चालत गेले आणि एक पितळी पेला घेऊन आले. त्यावर भांडेवाल्याकडून नाव घालून आणलं. स्वतःचं नाही, दहा वर्षांच्या पोराचं. आमच्या घरात तोवर कुठंच अक्षर नव्हतं. पहिलं आलं ते त्या पेल्यावर.

तो पेला आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिशवीत कायम असायचा. शेतात, लग्नात, एस.टी.त. पावसाळ्यात आम्ही कपिलधारला जायचो तेव्हा धबधब्याखाली सगळं जग ओंजळी करून प्यायचं आणि आमचे आबा पिशवीची गाठ सोडत बसायचे. मी कॉलेजात गेल्यावर मला याची लाज वाटायला लागली. एकदा म्हणालोही, "आबा, इथं कोण वरून वतायलंय? डोंगर वतायलाय."

"डोंगर वतू दे न्हाईतर आभाळ वतू दे," आबा म्हणाले. "मी हात जोडून पाणी मागणार न्हाई."

मी त्याला म्हाताऱ्याचं खूळ समजायचो. मी विज्ञानाचा मास्तर. नेकनूरच्या पलीकडच्या एका शाळेत शिकवतो, आणि जे मोजता येत नाही ते मला पटत नाही. त्यात मला नियमांचं वेड. महामारीच्या काळात तर या वेडानं कळस गाठला. पेपर आला की मी तो चिमट्यांनी दोरीवर वाळत घालायचो आणि दुसऱ्या दिवशी शिळा वाचायचो. मेथीची जुडी मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय चुलीपाशी जायची नाही. बायको म्हणायची, एखाद्या दिवशी तुम्ही मलाही दोरीवर टांगाल. शाळा परत सुरू झाल्यावर पोरांनी माझं नाव 'सॅनिटायझर सर' ठेवलं होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही.

अशा माणसाला नेमका मित्राचा फोन यावा, यात नवल नाही.

हा मित्र आणि मी बीडला कॉलेजात असताना तीन वर्षं एका खोलीत राहिलो. सकाळच्या एस.टी.नं आमच्या घरून डबा यायचा. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कधी बोंबलाची चटणी. त्याचं घर भरल्या वावराचं, पण त्याला आमच्या आईच्या हातचा ठेचा लागायचा. आम्ही एका ताटात जेवलो. एवढं सांगितलं म्हणजे आमच्याकडं सगळं सांगून होतं. पुढं मी मास्तर झालो आणि तो बीडच्या एका दवाखान्यात संशोधनाच्या कामाला लागला. तिथं आता लशीची चाचणी सुरू होणार होती. निरोगी माणसं हवी होती, म्हातारी हवी होती, शहरातली हवी होती आणि खेड्यातलीही. तो म्हणाला, "तुझ्या शब्दाला वस्तीत वजन हाय बे. तू उभा राहिलास तर लोक येतील."

मी उभा राहिलो. विहारासमोरच्या अंगणात चुन्यानं गोल आखून लोकांना लांब लांब बसवलं आणि दवाखान्याचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. आमच्या गल्लीतली एक बाई, ऊसतोडीला जाणारी, पहिलाच प्रश्न फटकन विचारून गेली.

"परयोग कराया आमीच कावून? बाकीचं जग मेलं का?"

दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. तिचं चुकलं नव्हतं. मी तिला सांगितलं की शहरातलेही आहेत, व्यापारी आहेत, मास्तर आहेत, आणि सगळ्यांना सुई तीच, तपासणी तीच, नियमही तेच. "हे नियम रोगानं केलेत," मी म्हणालो, "माणसानं न्हाईत. इथं सगळ्यांनी सगळ्यांपासून लांब बसायचंय." हे बोलताना माझा आवाज चढला होता, कारण ते मला मनापासून पटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्हालाच लांब बसवलं होतं, आता एका रोगानं अख्ख्या गावाला एकमेकांपासून लांब बसवलं होतं. मला त्यात एक प्रकारचा न्याय दिसत होता. शिकलेला माणूस कधी कधी असा मूर्खपणा करतो.

वीसेक माणसं तयार झाली. सगळ्यात आधी आबांनी नाव दिलं, त्यांच्यापाठोपाठ मी.

आमचा वार ठरला मंगळवार. दवाखान्याची जीप यायची, दोन खेपा करायची. पहिल्या मंगळवारी फाटकाशी पोचलो तर आत जायचे नियम मोठ्या अक्षरांत लावले होते. चपला बाहेर. हात धुवा. मोबाईल पिशवीत. बाहेरची कोणतीही वस्तू, डबा, भांडं आत न्यायचं नाही. वस्तीतल्या माणसांनी त्या नियमांचं आपापल्या परीनं लोणचं घातलं. एक रिक्षावाला मास्क हनुवटीला लावून उभा, म्हणे दाढीला संसर्ग नको. एका म्हातारीनं मास्कवर पदर आणि पदरावर रुमाल बांधला, तिला नीट दिसेनासं झालं तेव्हा कुठं थांबली. ऊसतोडीची बाई हाताला लावलेलं सॅनिटायझर हुंगून म्हणाली, ह्याच्यापरीस मोहाची बरी. मी मागून पुढून फिरत सगळ्यांना दटावत होतो. घरच्या लग्नात यजमान नसतो इतका मी तिथं यजमान झालो होतो.

आबांच्या पिशवीत पेला होता. पहारेकरी काही बोलायच्या आत मीच तो काढून घेतला.

"आबा, हे आत चालत न्हाई."

"माझाच गिलास हाय. मीच पिणार. ह्याच्यात कुणाला रोग व्हईल?"

प्रश्न बिनतोड होता. विज्ञानाच्या मास्तराला त्याचं उत्तर यायला हवं होतं. पण नियम फळ्यावर होता आणि मित्र खिडकीतून बघत होता. "नियम म्हणजे नियम," मी म्हणालो आणि पेला जीपच्या सीटवर ठेवून आलो.

रक्त काढल्यावर तासभर थांबायचं होतं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ओसरीच्या टोकाला एक मावशी जग घेऊन उभी होती. ग्लासांनी रोग पसरतो म्हणून ग्लास बंद, असं मित्रानं आधीच सांगितलं होतं. एकेकानं जायचं, मास्क खाली करायचा, वाकायचं, आणि ती वरून पाणी ओतायची. आबांची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "वंजळ करा, बाबा."

आबा तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मागं वस्तीतली माणसं रांगेत होती, तीही बघत होती.

"सगळ्यांलाच आसं हाय?" आबांनी विचारलं.

"सगळ्यांलाच, आबा. रोग जात बघत न्हाई."

आबा वाकले. पंचाहत्तरीला आलेले हात त्यांनी एकमेकांना जोडले आणि तोंडाशी नेले. सवय नसल्यामुळं निम्मं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, सदऱ्याच्या बाह्या भिजल्या. मग त्यांनी ओल्या हातानं मास्क वर घेतला आणि ओसरीवर आखलेल्या चुन्याच्या गोलातल्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला अभिमान वाटला. म्हातारं माणूस शेवटी विज्ञानापुढं वाकलं, असं वाटलं. आबांच्या मागून सगळी वस्ती मुकाट्यानं ओंजळ करून पाणी प्यायली.

दुसऱ्या मंगळवारीही तसंच झालं. आबांनी पेला घरीच ठेवला होता. मला वाटलं, बरं झालं, समजलं.

मधल्या दिवसांत मित्राचे फोन यायचे. "तुमची बॅच म्हणजे आदर्श बॅच," तो म्हणायचा. "एवढे नियम कुणीच पाळत न्हाई. वरच्या लोकांना मी तुमचं उदाहरण देतो." मी ते वस्तीत सांगायचो. माणसं सुखावायची. ऊसतोडीची बाईसुद्धा एकदा म्हणाली, आपलं नाव कुणीतरी चांगल्यासाठी घेतलं म्हणायचं.

तिसऱ्या मंगळवारी माझी नेमकी घरोघरच्या सर्वेक्षणाची ड्युटी लागली. बाकीचे जाऊन आले, माझं रक्त द्यायचं राहिलं. मित्राला फोन केला तर उचलला नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गुरुवारी सकाळी मोटारसायकलनं एकटाच बीडला गेलो. गुरुवार हा शहरातल्या लोकांचा वार आहे एवढं मला माहीत होतं. वार बदलला तर काय बिघडतं, असं मला वाटलं.

ओसरी रिकामी होती. चुन्याचे गोल पुसट झाले होते. माणसं आतल्या खोलीत होती, पंख्याखाली, खुर्चीला खुर्ची लावून गप्पा मारत. मास्क बहुतेकांच्या गळ्यात. एकाच्या मांडीवर घरचा डबा उघडा होता. भिंतीला लागून टेबल होतं, टेबलावर थंड पाण्याचा जार आणि स्टीलचे ग्लास. उठायचं, ग्लास भरायचा, प्यायचं, ग्लास पालथा घालायचा. बशीत बिस्किटं होती. कोणीतरी कोणाला तरी चहा आणून देत होतं.

मी दारात उभा राहिलो. आधी मला फक्त मास्तरकीचा राग आला, की हे लोक नियम पाळत नाहीत. खरंच सांगतो, पहिला राग तेवढाच होता. मी आत जाऊन ग्लासाला हात लावणार तोच मागून मावशीचा आवाज आला. मंगळवारी पाणी ओतायची तीच मावशी.

"सर, आज कसं काय आलात? तुमचा वार मंगळवार ना?" असं म्हणत तिनं कोपऱ्यातला जग उचलला. "चला की बाहीर, वतते पाणी."

तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. ती मला मदतच करत होती. तिला जे सांगितलं होतं ते ती करत होती. खोलीतली दोन-तीन माणसं माझ्याकडं बघून परत आपल्या गप्पांत गेली. मला कळलं. ते कळायला मला तिसरा मंगळवार चुकवावा लागला.

मित्र त्याच्या खोलीत होता. मी विचारलं, "ग्लास बंद आहेत ना?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग उठून दार लोटलं. "अबे, बस आधी. तू गुरुवारी कशाला आलास?"

"ग्लास बंद आहेत का नाहीत?"

"ऐक. सुरुवातीला सगळ्यांसाठी एकच व्यवस्था ठरली होती. शप्पथ. मग ह्यातले चार-पाच जण म्हणाले, ते नेकनूरकडचे लोक पिणार त्याच ग्लासानं आम्ही पिणार नाही. नावं काढून घेतो म्हणाले. मी त्यांना काय शिकवत बसू? माणूस गळाला की मला वरून फोन येतो. मग वार वेगळे केले अन् मंगळवारी ग्लास बंद केले. संसर्गाच्या दृष्टीनं चूक काय आहे त्यात? उलट तुमच्याकडंच नियम नीट पाळले जातात."

"मग हाच नियम ह्यांना का नाही?"

"हे ऐकणारे न्हाईत रे." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तू समजावून सांगशील, तुमचे लोक तुझं ऐकतील, हे मला म्हायती होतं. म्हणून तर तुला बोलावलं."

मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. लशीची चाचणी, सहा फूट अंतर, सगळे नियम विसरून खांद्यावर हात. "मी तुझ्या आईच्या हातचं खाल्लेला माणूस आहे. आपण एका ताटात जेवलोय. माझ्या मनात तसलं काही असंल का?"

कुणी शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. पण त्यानं केसानं गळा कापला आणि वर ताटाची आठवण दिली. मला त्याच्या टेबलावरचं सगळं भिरकावून द्यावंसं वाटलं. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणालो, "माझा बाप ओंजळीनं प्यायला इथं. माझ्या शब्दावर." त्याला ते कळलं नाही. तीन वर्षं एका ताटात जेवून मी त्याला पेल्याची गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. लाज वाटायची ना मला तिची.

घरी आलो तेव्हा आबा दारातल्या बाजेवर शेंगा निवडत बसले होते. वाटेत मी ठरवलं होतं की त्यांना सांगायचं नाही. म्हाताऱ्याला कशाला दुखवा, एक फेरी राहिली आहे, होऊन जाऊ दे. पण त्यांच्या समोर बसल्यावर मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. ग्लास, गुरुवार, मित्र, खांद्यावरचा हात. आबा शेंगा निवडत राहिले.

"मला पयल्याच दिशी कळलं व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"आतल्या खिडकीतून गिलास दिसत व्हते. पालथे घातलेले. ओले व्हते ते. कुणीतरी पित व्हतंच ना."

"मग तुमी प्यालात कावून, आबा? तिथंच बोलायचं ना मला!"

आबांनी हातातली शेंग टोपल्यात टाकली. "तू समद्यांला सांगून बसला व्हतास, समद्यांला सारकंच हाय म्हणून. माणसं मागं हुबी व्हती. मी न्हाई म्हणलो आस्तो तर तुजा शबूद पडला आस्ता." मग म्हणाले, "लेकराचा शबूद पडू द्यावा का?"

मी बावन्न वर्षांचा माणूस, डोक्याचे केस पिकलेले. मी उठून परसात गेलो आणि तोंड धुवायच्या निमित्तानं तिथंच उभा राहिलो.

वस्तीत मी सांगितलं. सांगायला हवं होतं. विहारासमोर तेच अंगण, पण या वेळी चुन्याचे गोल मी आखले नाहीत. लोक शिव्या देतील असं वाटलं होतं. कुणी दिल्या नाहीत. ऊसतोडीची बाई तेवढी म्हणाली, "सर, आमी त्यांच्याकडं बघून गेलतो का? आमी तुमच्याकडं बघून गेलतो." एवढं बोलून ती उठून गेली. ती आणि आणखी सात-आठ जण शेवटच्या फेरीला गेले नाहीत. मीही गेलो नाही. मी वरच्या लोकांना चार पानांची तक्रार लिहिली, तिचं दोन ओळींचं उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. मित्राचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत.

आबा मात्र गेले. मी अडवलं तर म्हणाले, "सुई टोचून घेतलीय. आता रगत तेवढं द्यायचं ऱ्हायलंय. त्या रगतानं कुणाचं भलं व्हत आसंल तर व्हऊ दे." जीप आली तेव्हा मी आतून पेला आणला आणि त्यांच्या पुढं धरला. म्हणालो, घेऊन जा, बघू कोण अडवतं. आबांनी तो हातात घेतला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. तिथं त्यांनी पाणी प्यायलं की नाही, प्यायलं तर कसं, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर पेला पिशवीत दिसला नाही. तो घरात फळीवर असायचा. बायको सणावाराला चिंचेनं घासायची आणि परत तिथंच ठेवायची.

गेल्या पावसाळ्यात नातवंडांनी हट्ट धरला म्हणून आम्ही सगळे कपिलधारला गेलो. धबधबा भरून पडत होता, पायऱ्यांवर गर्दी होती. निघताना मी कुणाला न सांगता पेला माझ्या पिशवीत टाकला होता. आबा माझ्या मुलाच्या खांद्याला धरून पाण्यापर्यंत उतरले. मी घाईनं गाठ सोडली, पेला धारेखाली धरून भरला आणि त्यांच्याकडं वळलो.

आबा वाकले होते. दोन्ही हात जोडून त्यांनी धारेखाली ओंजळ धरली होती आणि ते पाणी पीत होते. त्या मंगळवारांपासून लागलेल्या सवयीनं आता त्यांच्या हातातून थेंबही सांडत नव्हता.

"आबा, हा घ्या ना," मी म्हणालो. "मी आणलाय."

त्यांनी माझ्या हातातल्या पेल्याकडं बघितलं, त्यावरच्या आपल्या नावाकडं बघितलं. रागावले नव्हते ते. मला समजावतच होते.

"आता कशाला, बाबा," ते म्हणाले. "एकदा मोडलं ते मोडलं."

आणि त्यांनी परत ओंजळ पुढं केली. भरलेला पेला धरून मी तिथंच उभा राहिलो.